रसिकाचें ऋण

एखादें गाणें लोकप्रिय झालें म्हणजे नेमकें काय झालें, हा प्रश्न वरवर पाहतां फार सोपा वाटतो. तें पुष्कळांच्या तोंडीं बसलें, पुष्कळ ठिकाणीं वाजलें, एवढें सांगितलें कीं उत्तर झालें असें कोणासही वाटेल. परंतु गाणें कशाविषयीं आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे हें उत्तर अपुरें पडतें. अभंग लोकप्रिय झाला तर लोकांना भक्ति प्रिय आहे असें आपण म्हणतों. पोवाडा लोकप्रिय झाला तर लोकांना शौर्य प्रिय आहे असें म्हणतों. मग प्रेमगीत लोकप्रिय झालें तर लोकांना प्रेम प्रिय आहे असें म्हणावयास हरकत कोणती? हरकत आहे, आणि ती मोठी आहे, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

उदाहरण अगदीं जवळचें घेऊं. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यांत नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यांतील ‘झिंगाट’ हें गाणें अजय-अतुल या बंधूंचें. चित्रपटाची भूमि सोलापूर जिल्ह्यांतील करमाळ्याकडची, भाषाही त्याच बाजूच्या खेड्यापाड्यांतली; संगीतासाठीं मात्र थेट अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें पाश्चात्त्य वाद्यवृंद बसविला होता. प्रेमानें वेडावलेल्या एका खेडवळ पोराचें हें गाणें चित्रगृहांत सुरू झालें कीं प्रेक्षक आसनें सोडून नाचूं लागत. दोन वर्षांनीं ‘धडक’ या हिंदी चित्रपटांत त्याचा हिंदी अवतारही निघाला. चित्रपटांतील बहुतेक गाणीं चित्रपटाबरोबरच विस्मृतींत जातात. हें गेलें नाहीं. तें चित्रगृहांतून रस्त्यावर आलें, आणि रस्त्यावरून लग्नमंडपाच्या दारापर्यंत येऊन पोंचलें.

आमच्या नांदेड-लातूरकडे लग्नाच्या दिवशीं नवरदेवास मारुतीच्या दर्शनास मिरवीत नेण्याची चाल आहे. पूर्वीं या मिरवणुकीपुढें हलगी व सनई असे; पुढें बँड आला, आणि आतां डीजे आला आहे. आरंभीं एखादें देवाचें गाणें लावतात, मग ‘झिंगाट’ लागतें, आणि मिरवणूक जागच्या जागीं थांबते. नवरदेवाचे मित्र नाचतात यांत नवल नाहीं. परंतु चुलते नाचतात, मामा नाचतात, एरवीं भावकीच्या बैठकींत गंभीर मुद्रेनें बसणारे थोरलेही फेटा सांवरीत चार पावलें टाकून घेतात. मुहूर्त टळून जातो, मंडपांत मुलीकडचीं माणसें ताटकळत बसतात, आणि गाणें पुन्हा एकदां लावलें जातें. हा आनंद खोटा आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.

आतां ज्या लग्नांत हें गाणें वाजतें तें लग्न कसें जमलेलें असतें तें पाहावें. सोयरीक वडील मंडळींनीं जुळविलेली असते. जात तर पाहिलेली असतेच. पोटजात, देवक, जमीन, नोकरी, देणेंघेणें हें सारें दोन-चार बैठकींत ठरलेलें असतें. २०११-१२ सालच्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणांत जातीबाहेर झालेल्या विवाहांचें प्रमाण देशभरांत शेंकडा ५ च्या आसपास भरलें. म्हणजे ज्या वरातींपुढें हें गाणें वाजतें त्यांतील बहुतेक सर्व वराती जातीच्या कुंपणाच्या आंतूनच निघतात व आंतच विसर्जित होतात. आणि गाणें कोणत्या गोष्टींतलें? पाटलाची मुलगी व मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील मुलगा यांची ती गोष्ट. तीं दोघें पळून हैदराबादेस जातात. हें शहर १९५६ पर्यंत आमच्या या भागाची राजधानीच होतें. तेथें तीं संसार मांडतात, त्यांना मूल होतें, आणि अखेर मुलीच्या माहेरचीं माणसें भेटवस्तु घेऊन येतात व दोघांचा जीव घेऊन जातात. चित्रपटाच्या शेवटीं आवाजच नाहीं. मागें राहिलेल्या बालकाचें रडणेंही आपल्या कानीं पडत नाहीं. लोकांनीं गाणें उचललें, आणि ती शांतता चित्रगृहांतच ठेवून दिली.

या विसंगतीचीं दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें असें, कीं लोक दांभिक आहेत. हें उत्तर सोपें आहे, आणि सांगणाऱ्यास स्वतःविषयीं बरें वाटावें अशी त्यांत सोयही आहे. परंतु दंभाला भान लागतें. आपण एक बोलतों व दुसरें करतों हें दांभिक मनुष्य जाणून असतो. नाचणाऱ्या चुलत्याच्या मनांत असा कांहीं कावा नसतो. त्याच चुलत्यानें चित्रपट पाहतांना डोळे पुसले असतील, आणि ते अश्रुही खरेच असतील. दुसरें उत्तर असें, कीं लोकांना ताल आवडतो, शब्दांकडे कोणाचें लक्ष नसतें. यांत थोडें तथ्य आहे. तथापि नुसता तालच हवा असता तर हलगी पुरेशी होती. पायांना ओढून घेण्यांत हलगीची बरोबरी करणारें वाद्य आमच्या मुलखांत तरी दुसरें नाहीं. लोक गाण्याचे शब्द मोठ्यानें म्हणतात, त्या पोराचें वेडेपण क्षणभर आपल्या अंगांत घेतात, आणि त्यांतच त्यांचें सुख असतें. तेव्हां उत्तर याहून खोल शोधलें पाहिजे.

तें आमच्या मतें आपल्याच रसशास्त्रांत सांपडतें. काश्मीरचा भट्टनायक यानें रसास्वादाची मीमांसा करतांना साधारणीकरण नांवाचा व्यापार सांगितला, व पुढें अभिनवगुप्तानें तो आपल्या पद्धतीनें स्वीकारला. मुद्दा समजण्यास कठीण नाहीं. रंगभूमीवर दुष्यंताचें शकुंतलेवरील प्रेम पाहतांना ‘हें माझेंच प्रेम’ असें प्रेक्षकास वाटलें तर तो लाजेल. ‘हें परक्याचें’ असें वाटलें तर तो उदासीन राहील किंवा मत्सर करील. रस उत्पन्न व्हावयाचा तर तें प्रेम कोणा एकाचें न राहतां प्रेममात्र झालें पाहिजे; माझें-तुझें, येथलें-तेथलें, आजचें-कालचें हीं बंधनें गळून पडलीं पाहिजेत. ज्याचें लग्न वडिलांनीं ठरविलें व ज्यानें वधूचा चेहरा मांडवांत प्रथम पाहिला, असा साठीचा गृहस्थही एका अल्लड पोराच्या प्रेमाची गोडी कशी चाखूं शकतो, याचा उलगडा या तत्त्वानें होतो. हें त्याचें मोठेपण आहे, आणि तें आम्ही आनंदानें मान्य करतों.

परंतु याच व्यापाराला दुसरीही एक बाजू आहे. व्यक्ति गळून पडली कीं तिच्याबरोबर तिची जात, तिचें घर, तिचें भय हेंही सारें गळून पडतें. जें प्रेम कोणाचेंच नाहीं, त्यास विरोध करण्याचें कोणालाच कारण उरत नाहीं. प्रेममात्रावर कोणत्या भावकीचा राग आहे? राग असतो तो अमक्याच्या मुलीनें तमक्याच्या मुलावर केलेल्या प्रेमावर. म्हणून एकच मनुष्य सकाळीं गाण्यांतील प्रेमावर नाचतो, आणि सायंकाळीं शेजारच्या प्रेमाविरुद्ध बैठक बोलावतो. या दोन गोष्टींत विरोध आहे असें त्याला वाटतच नाहीं, कारण त्याच्या मनांत त्या दोन निराळ्या वस्तु आहेत. एक आहे रस, दुसरी आहे घराण्याची अब्रू.

हें कांहीं आजचें नव्हे. ज्या गोदावरीच्या कांठीं नांदेड वसलें आहे तिच्याच कांठची एक गाथा हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशतीं’त आहे. महाराष्ट्री प्राकृतांतील हा संग्रह म्हणजे खेड्यांतील व शेतांतील प्रेमजीवनाचा मोठा ठेवा, स. आ. जोगळेकर यांनीं १९५६ सालीं त्याची मराठी आवृत्ति सिद्ध केली. त्या गाथेंत एक स्त्री एका धार्मिक पुरुषास सांगते, कीं आतां तूं येथें निर्धास्त हिंड, कारण तुला भिवविणारा कुत्रा गोदेच्या कांठच्या झाडींत राहणाऱ्या सिंहानें मारून टाकला. शब्दांत अभय आहे. अभिप्राय उलटा आहे. सिंहाचें नांव ऐकून त्यानें त्या झाडीकडे फिरकूं नये अशी तिची इच्छा आहे, कारण ती झाडी तिच्या संकेताची जागा आहे. आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त ध्वनीचें उदाहरण म्हणून ही गाथा घेतली, महिमभट्टानें ध्वनीचें खंडन करतांना तिचाच कीस काढला, मम्मटानें ध्वनीचें मंडन करतांना पुन्हा तिचाच आधार घेतला. गोदाकांठच्या एका बाईच्या बोलण्यावर शेंकडों वर्षें पंडितांचा वाद चालला. वादाचा विषय होता, विधीच्या शब्दांतून निषेधाचा अर्थ कसा निघतो हा. त्या बाईस एवढें आडवळणानें कां बोलावें लागलें, हा प्रश्न त्या वादाच्या कक्षेंतला नव्हता. तिच्या भयांतून तिचें चातुर्य जन्मलें. रसिकांनीं चातुर्य वेचून घेतलें, आणि भय गोदेच्या कांठींच राहिलें. शास्त्रकारांस आम्ही दोष देत नाहीं; त्यांचें काम शब्दशक्तीचा विचार करण्याचें होतें व तें त्यांनीं उत्तम केलें. पण रसिकतेची ही रीत किती जुनी आहे तें यावरून दिसावें.

शृंगाराच्याच बाबतींत असें होतें असेंही नाहीं. लातूर जिल्ह्याच्या पलीकडे, कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांत बसवकल्याण आहे. आमचे निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांतच होते, तेव्हां तें गांव आम्हांस परकें नाहीं. बाराव्या शतकांत तेथें बसवेश्वरांभोंवतीं शरणांचा मेळा जमला. परंपरा असें सांगते, कीं हरळय्या या चर्मकार शरणाचा मुलगा व मधुवरस या जन्मानें ब्राह्मण असलेल्या शरणाची मुलगी यांचा विवाह झाला, त्यावरून बिज्जळ राजानें दोघांच्या पित्यांस देहान्त शासन दिलें, आणि कल्याणांत मोठा उत्पात झाला. येथें बाप मुलांच्या आड आले नाहींत. मुलांच्या लग्नासाठीं बाप मेले. शरणांचीं वचनें आजही आमच्याकडे मोठ्या भक्तीनें गाइलीं जातात, आणि सोयरिकीची गोष्ट निघाली कीं गाणाऱ्या घरांतही पोटजातीची चौकशी होते. ही एका समाजाची कथा नव्हे. अभंग गाणारे, भीमगीतें गाणारे, कव्वाली ऐकणारे, सर्वांच्याच घरीं गाणें दिवाणखान्यापर्यंत येतें, आणि सोयरिकीची बोलणीं आंतल्या खोलींत होतात.

प्रश्न केवळ काव्यशास्त्राचा असता तर विद्वानांवर सोंपवून आम्ही स्वस्थ बसलों असतों. परंतु त्यांत जिवंत माणसें गुंतलेलीं आहेत, आणि तीं कोवळ्या वयाचीं आहेत. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीनें खेड्यापाड्यांतील मुलगे व मुली एका शहरांतल्या शिकवणीवर्गांत शेजारीं शेजारीं येऊन बसल्या. १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि तालुक्या-तालुक्याच्या महाविद्यालयांतील तरुण त्याच्या छत्राखालीं आले. शंभर एकर पाहिलेल्या घराची मुलगी व ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा मुलगा आतां एकाच वर्गांत एकच पुस्तक वाचतात व एकच गाणें ऐकतात. त्या गाण्यावर बापासकट सारें गांव नाचतांना त्यांनीं पाहिलेलें असतें. त्यांनीं त्याचा अर्थ काय घ्यावा? गांवाला हें प्रेम मान्य आहे असा अर्थ त्यांनीं घेतला तर तर्कशास्त्रदृष्ट्या त्यांचें चुकलें कोठें? पुढें काय होतें तें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. एखादी मुलगी वर्गांत येईनाशी होते. हजेरीपटावर तिचें नांव तेवढें राहतें. आणि उन्हाळ्यांत तिच्या लग्नाची पत्रिका हातीं पडते. त्या लग्नांतही तेंच गाणें वाजतें. कधीं कधीं तर पत्रिकेऐवजीं वर्तमानपत्रांत बातमी येते, आणि ती चित्रपटाच्या शेवटासारखी असते.

अमेरिकन तत्त्ववेत्ता विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत एका रशियन बाईचें उदाहरण दिलें आहे. ती नाट्यगृहांत बसून नाटकांतील पात्रांसाठीं अश्रु ढाळीत असते, आणि बाहेर तिचा गाडीवान थंडीनें गारठून मरत असतो. जेम्सचें म्हणणें असें, कीं संगीतानें किंवा नाटकानें उचंबळलेली भावना कोणत्या तरी कृतींत उतरल्यावांचून विरूं देऊं नये. कृति अगदीं लहान असली तरी चालेल, घरांतील वृद्ध स्त्रीशीं दोन शब्द गोड बोलण्याएवढी किंवा गाडींत आपली जागा दुसऱ्यास देण्याएवढी. नाहींतर भावना नुसती उपभोगण्याची संवय जडते. हा विचार आम्ही आमच्या परिभाषेंत असा मांडतों. साधारणीकरणानें रसिकास एक प्रकारचें कर्ज मिळतें. जें प्रेम त्यानें केलें नाहीं, ज्यापायीं त्यानें मार खाल्ला नाहीं, घर सोडलें नाहीं, त्याचें सुख त्याला बसल्या जागीं लाभतें. त्याची किंमत कोणीतरी दुसऱ्यानें दिलेली असते. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें मनुष्यास जन्मतःच असतात असें आपण मानतों. त्यांच्याच शेजारीं रसिकाचें हें ऋण मांडावें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं अशानें कला उपदेशाची दासी होईल, आणि नाचण्याचा निर्मळ आनंदही नाहींसा होईल. परंतु आम्ही गाण्याकडे कांहींच मागत नाहीं. मागतों तें माणसाकडे. आणि ऋणाच्या आठवणीनें आनंद कमी होतो हेंही आम्हांस पटत नाहीं. येळवसेच्या दिवशीं लातूरकडे सारें कुटुंब शेतावर जातें, कडब्याच्या कोपीपुढें पूजा करतें, आणि मग भज्जी व आंबील यांवर ताव मारतें. जिनें अन्न दिलें त्या काळ्या आईपुढें अगोदर हात जोडल्यामुळें आंबिलीची गोडी कमी झाली, असें सांगणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. गाणें आपलें काम मुकाट्यानें करीत असतें. आज नाचणाऱ्यांची मनें उद्यां मऊ होतील, तेव्हां घाई करूं नये, असें पुष्कळ समंजस लोक म्हणतात. यांत सत्य नाहीं असें नाहीं. चित्रपटांतील ती मुलगी पाहून आपल्या मुलीस मोटारसायकल शिकविणारे बापही असतील. परंतु गाथासप्तशतीला जवळजवळ दोन हजार वर्षें होत आलीं, कल्याणच्या त्या विवाहास आठशेंहून अधिक झालीं. धीर धरण्याचा उपदेश करणारा मनुष्य सुखरूप असतो. त्याच्या धीराची मुदत दुसऱ्याच कोणाच्या तरी आयुष्यांतून वजा होत असते. मनें मऊ होण्याची वाट अवश्य पाहावी, पण तोंवर आपलें देणें थकीत ठेवूं नये.

मग हें देणें द्यावें कसें? प्रत्येकानें आपल्या मुलांचीं लग्नें जातीबाहेर करावींत असा हुकूम आम्ही सोडीत नाहीं. हुकमानें लावलेलें लग्न, मग तें जातीच्या आंत असो वा बाहेर, आमच्या विषयाला धरून नाहीं. याहून लहान व निश्चित असें कांहीं सांगतां येतें. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें लग्न करूं इच्छिणाऱ्या जोडप्यास विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कचेरींत सर्वांस दिसेल अशा जागीं लावतात, आणि तीस दिवस जाऊं द्यावे लागतात. कचेरींत ये-जा करणारांपैकीं कोणीतरी तीं नांवें वाचतो आणि भावकीला वर्दी देतो. जोडप्याचे ते तीस दिवस त्या भीतींत जातात. सर्वोच्च न्यायालयानें २७ मार्च २०१८ रोजीं शक्तिवाहिनी या संस्थेच्या याचिकेवर निकाल देतांना, दोन सज्ञान व्यक्तींनीं परस्परसंमतीनें केलेल्या विवाहांत जातपंचायतीसारख्या जमावानें अडथळा आणणें बेकायदेशीर ठरविलें, व अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठीं सरकारास उपाय नेमून दिले. त्याचा उपयोग आहेच. परंतु न्यायालय पोलिस देऊं शकतें, शेजारी देऊं शकत नाहीं.

त्याच कायद्याप्रमाणें विवाह लागण्यापूर्वीं वधूवरांच्या प्रतिज्ञापत्रावर तीन साक्षीदारांच्या सह्या व्हाव्या लागतात. फक्त तीन. वरातींत ‘झिंगाट’वर दोनशें-तीनशें माणसें सहज नाचतात; या सह्यांच्या वेळीं मात्र आप्तांपैकीं कोणी पुढें येत नाहीं, आणि जोडप्याचे एक-दोन मित्र तिसरा माणूस शोधीत फिरतात. रसिकाचें ऋण किती, असें कोणी आम्हांस विचारील तर आम्ही हा हिशेब त्याच्यापुढें ठेवूं. आपल्या ओळखीचें कोणी जोडपें दाराशीं आलें तर जात विचारण्यापूर्वीं आपण कोणत्या गाण्यावर नाचलों होतों तें आठवावें, आणि तिसरी सही करावयास जावें. सही करण्याएवढें धैर्य नसेल तर त्या तीस दिवसांत त्यांना एक वेळचें जेवण घालावें. तेंही होत नसेल तर फलकावर वाचलेलीं नांवें निदान आपल्याजवळच ठेवावींत, आणि घरीं जाऊन कोणास सांगूं नयेत.